‘तुला हवे तर सांग’ या होकाराचे काय करायचे?

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

पत्र लिहिणाऱ्या बाई सहा वर्षांपासून एका स्वयंसेवी गटात काम करतात. मेंदूवरील संशोधनासाठी निधी जमवणे आणि मानसिक आजारांविषयी जागृती करणे, ही गटाची दोन कामे. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये गट पदयात्रा काढतो, टेबल मांडून पत्रके वाटतो आणि देणगीपेटी फिरवतो. बाईंच्या धाकट्या भावाला चौदा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गेली दोन वर्षे वर्गणी रोडावल्यामुळे यंदा फलकावर भावाचे छायाचित्र लावावे आणि समारोपाच्या भाषणात बाईंनी त्याची कहाणी सांगावी, असे गटाने सुचवले आहे. ‘चेहरा दिसल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही’ असे सहकाऱ्यांचे म्हणणे. भावाला विचारले तेव्हा मोबाइलवरून नजर न उचलता तो म्हणाला, ‘तुला हवे तर सांग.’ थोड्या वेळाने त्याने एवढेच जोडले : ‘तुमच्या संशोधनातून औषध निघेल तेव्हा मी नसेन. मला रविवारी फिरायला कोणीतरी सोबत पाहिजे.’ आणखी एक गोष्ट बाईंच्या मनातून जात नाही. गेल्या वर्षी पेटीत पैसे टाकताना एक गृहस्थ ‘मलाही आता जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले. त्यांना ‘असे बोलू नये’ म्हणून बाईंनी पत्रक दिले आणि ते गर्दीत निघून गेले. ‘भावाची गोष्ट सांगितली तर त्याला बाजारात मांडल्यासारखे वाटेल, नाही सांगितली तर कामाशी प्रतारणा होईल. मी काय करू?’ असे त्या विचारतात.

उत्तर

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. त्यात तुम्ही स्वतःला दोन वाटांच्या तोंडाशी उभे केले आहे, आणि दोन्ही वाटांवर निर्णय तुमचाच आहे : सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवणार. ही गोष्ट तुमच्या हातात आहे असे धरून तुम्ही चालला आहात, आणि मला अडते ते तिथेच. चौदा वर्षे तुम्ही त्याच्यासाठी जे केले असेल त्यातून ही समजूत तयार होणे स्वाभाविक आहे. औषधे, दवाखान्याच्या खेपा, नातेवाइकांना द्यायची उत्तरे, हे सारे सांभाळता सांभाळता त्याच्या आयुष्याचे निवेदनही आपल्याकडेच आले आहे, असे घरच्यांना कळत-नकळत वाटू लागते.

आता त्याचे वाक्य पुन्हा ऐका. ‘तुला हवे तर सांग.’ तुम्हाला काय हवे असेल, याविषयीचे ते वाक्य आहे. त्याला स्वतःला काय हवे, ते त्यात कुठेच नाही. दीर्घ आजारात माणसाला एक गोष्ट लवकर उमगते, ती म्हणजे ‘हो’ म्हटले की समोरचे प्रश्न थांबतात. शिवाय तो काही बाबतींत तुमच्यावर अवलंबून असणार, आणि ज्याच्यावर आपण अवलंबून असतो त्याला नकार देणे कुणालाही जड जाते. मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. चेहऱ्यावर आणि आवाजात भाव न उमटणे, पुढाकार घेण्याची ऊर्मी मंदावणे, ही या आजाराचीच लक्षणे असू शकतात. त्यामुळे त्याच्या कोरड्या सुरावरून ‘याला नकोच आहे’ असा निष्कर्ष काढणेही अन्यायाचे होईल. कदाचित त्याला खरोखर चालणार असेल. कदाचित फलकावर येण्याचा त्याला अभिमानही वाटेल. सध्या तुमच्या हाती होकार नाही आणि नकारही नाही, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

म्हणून पुन्हा विचारा, पण वेगळ्या रीतीने. ‘तुझ्याविषयी बोलू का?’ हा प्रश्न इतका मोघम आहे की त्याला मोघमच उत्तर मिळणार. फलकाचा कच्चा मसुदा आणि भाषणाचा लिहिलेला मजकूर त्याच्या हातात द्या. कोणते छायाचित्र, त्याखाली कोणते शब्द, आजाराचे नाव असेल की नाही, फलक कुठे लागणार, इंटरनेटवर टाकला जाणार का, हे सगळे त्याला समोर दिसू दे. इंटरनेटवर गेलेले छायाचित्र परत घेता येत नाही आणि उद्या नोकरी देणारा किंवा घर भाड्याने देणारा माणूसही ते पाहू शकतो, हे त्याला आडपडदा न ठेवता सांगा. उत्तर त्याच दिवशी मागू नका. त्याची तब्येत स्थिर असतानाच विचारा. आठवड्याने पुन्हा विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या वेळी तुम्ही स्वतः विचारू नका. ज्याला नकार दिल्याने घरात काही बिघडणार नाही अशा माणसाने विचारावे, मग तो त्याचा समुपदेशक असेल किंवा जुना मित्र. आणि पदयात्रेच्या दिवशी सकाळीसुद्धा तो ‘नको’ म्हणू शकतो, हे त्याला आधी सांगून ठेवा. तसे झाले तर गटाची अडचण होईल, म्हणून त्याच्या छायाचित्राशिवायचा दुसरा फलक आधीच छापून ठेवा. दुसरा फलक तयार नसेल, तर त्याचा नकाराचा अधिकार फक्त बोलण्यापुरता उरतो.

तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. हजारोंच्या आकडेवारीपेक्षा एका माणसाच्या चेहऱ्याला लोक अधिक देतात, हा निधी जमवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पोलिओविरोधी मोहिमेचे. अमेरिकेत १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने या आजाराविरुद्ध एक प्रतिष्ठान उभे राहिले. सामान्य लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली, घरोघर फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी ती गोळा केली आणि त्या पैशाच्या बळावर जोनास साल्क यांची लस तयार होऊन १९५५ मध्ये ती सुरक्षित आणि प्रभावी असल्याचे जाहीर झाले. किरकोळ नाण्यांनी संशोधन उभे राहते याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. पण त्याच मोहिमेने आणखी एक प्रथा रुजवली : कुबड्या घेतलेल्या, पायांना आधारपट्ट्या बांधलेल्या लहान मुलांना फलकावर झळकवण्याची. पुढच्या दशकांत अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी दयेवर चालणाऱ्या अशा निधिसंकलनाला कडाडून विरोध केला. पैसा आमच्या नावाने जमतो, पण त्यासाठी आम्हाला केविलवाणे दाखवले जाते आणि मग नोकरी मागायला गेलो की लोकांना तोच केविलवाणा चेहरा आठवतो, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला पटतो.

तुमच्या गटापुढे तर हा पेच अधिक टोकदार आहे, कारण तुमची कामे दोन आहेत आणि एक काम दुसऱ्याच्या आड येऊ शकते. देणगीदाराला गलबलून यावे म्हणून आजाराचे जितके भयाण चित्र रंगवाल, तितकी त्या आजाराची भीती वाढेल. पेटी भरेल, पण जागृतीचे काम दोन पावले मागे जाईल. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पत्रकावर ‘हा फक्त मेंदूचा आजार आहे, बाकी काही नाही’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, म्हणून तेही बोलतो. या वाक्यामागचा हेतू चांगला आहे. रुग्णाला किंवा आईवडिलांना दोष देणे त्याने कमी होते. परंतु अमेरिकेत १९९६ आणि २००६ अशा दोन वेळी झालेल्या सर्वेक्षणांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की मानसिक आजारांचे कारण मेंदूत आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण मधल्या काळात वाढले, पण अशा व्यक्तीचा शेजार नको, तिच्यासोबत काम नको, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण मात्र घटले नाही. ‘मेंदूच बिघडला आहे’ हे ऐकून काही लोकांच्या मनात ‘मग हा कधी सुधारायचा नाही’ हीच समजूत घट्ट होते. शास्त्रीय चित्रही त्या घोषणेइतके सरळ नाही. स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेले जनुकसंचातील २८७ भाग २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नोंदवले गेले. त्यासाठी पाऊण लाखाहून अधिक रुग्णांच्या जनुकीय नमुन्यांचा उपयोग झाला. त्यांतील बहुतेक भागांचा प्रत्येकी परिणाम अगदी अल्प आहे, आणि त्यांच्या जोडीला लहानपणचे आघात, व्यसने, एकाकीपण, घरची ओढाताण यांचाही वाटा असतो. ‘बाकी काही नाही’ हे तीन शब्द तेवढे काढून टाका. घोषणा थोडी लंगडी होईल, पण खरी राहील.

पूर्वग्रह कमी करण्यात सर्वांत उपयोगी काय ठरते, याविषयी संशोधकांत बऱ्यापैकी एकमत आहे : प्रौढांच्या बाबतीत, तो आजार असलेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने प्रत्यक्ष भेट होणे. मराठीत रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द आता रुळले आहेत, आणि मला ते आवडतात. तुमच्या गटात शुभंकर किती आणि शुभार्थी किती, हे एकदा मोजून पाहा. माझा अंदाज असा की, शुभार्थी एक-दोन असतील, आणि तेही श्रोत्यांत. मग फलकावर कुणाचा चेहरा लावायचा यावर वाद घालण्यापेक्षा टेबलाच्या मागे कोण बसणार, पावत्या कोण लिहिणार, मार्ग कोण ठरवणार, हे आधी का ठरवू नये? तुमच्या भावाला त्यातले काही करावेसे वाटते का, हे विचारता येईल. पावती फाडून देणाऱ्या माणसाने सहज म्हटले की ‘मलाही हा आजार आहे’, तर देणगीदाराच्या मनावर त्याचा परिणाम मोठ्या फलकापेक्षा अधिक काळ टिकेल, असे मला वाटते. अर्थात, हेही त्याच्यावर लादायचे नाही. काहीच न करता नुसते चालायला येणे किंवा त्या दिवशी घरी झोपून राहणे, हेही त्याचे उत्तर असू शकते.

तो नाही म्हणाला, तर समारोपाला तुम्ही काय बोलायचे? स्वतःविषयी बोला. रात्री फोन वाजला की छातीत काय होते, किती वर्षे मैत्रिणींना खोटी कारणे सांगितली, कोणत्या क्षणी त्याच्यावर संतापलात आणि मग त्या संतापाचीच लाज वाटली, ही सारी तुमची मिळकत आहे आणि ती तुम्ही हक्काने मांडू शकता. तरीही ज्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ‘माझा भाऊ’ म्हटले की नाव घेतल्यासारखेच होते, त्यामुळे एवढ्यापुरतीही त्याची परवानगी लागेलच. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी परिचयातल्या एका गृहस्थांच्या नैराश्याविषयी, त्यांचा होकार घेऊन, सदरात लिहिले होते. लेखाचे कौतुक झाले. काही महिन्यांनी ते मला म्हणाले, “लेख चांगला होता. पण तेव्हापासून लोक मला ‘आता बरे आहात ना?’ असे विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.” परवानगी मी मागितली होती खरी, पण नंतर त्यांना ज्या नजरांमधून जावे लागणार होते, त्याची कल्पना मी त्यांना दिली नव्हती, कारण मलाही ती नव्हती.

आता त्याच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. औषध निघेल तेव्हा मी नसेन, असे तो म्हणतो. याला ‘असे बोलू नकोस, लवकरच काहीतरी निघेल’ असे उत्तर देऊ नका, कारण या क्षेत्राचा वेग त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळलेला दिसतो. स्किझोफ्रेनियावरचे पहिले प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ मध्ये पॅरिसमध्ये रुग्णांना देण्यात आले. मेंदूतील डोपामिन हे रसायन पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून परिणाम करते, त्या जागा रोखून ते काम करते, आणि त्यानंतर स्किझोफ्रेनियासाठी जी औषधे आली त्यांनी कमी-अधिक प्रमाणात तीच वाट धरली. या वाटेवरून न जाणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०२४ मध्ये. मधे बहात्तर वर्षे गेली. पेटी घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकाने हा हिशेब पाठ करून ठेवावा, म्हणजे ‘माझ्या पैशातून काय होणार?’ या प्रश्नाला तो चमत्काराचे वचन देणार नाही.

मात्र याच इतिहासात एक भाऊही आहे. उन्माद आणि नैराश्याच्या आजारावर लिथियम उपयोगी पडते, हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले, पण त्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ मध्ये शास्त्रीय पद्धतीने त्याची चाचणी घेतली आणि पुढची कित्येक वर्षे टीका सोसत त्याचा पाठपुरावा केला. शाऊ यांच्या स्वतःच्या भावाला वारंवार नैराश्याचे झटके येत असत. लिथियम सुरू केल्यावर तो सावरला. अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले. संशोधन काहींच्या आयुष्यात वेळेवर पोहोचते, काहींच्या नाही, आणि ते कोणाच्या पोहोचेल हे देणगी देताना कुणालाच कळत नसते. इतके स्पष्ट बोलूनही लोक देतात, असा माझा अनुभव आहे. कमी देतात कदाचित, पण पुढच्या वर्षी पुन्हा देतात.

संशोधन की सोबत, यांतून एकच निवडा, असे तुमच्या भावाने म्हटलेले नाही. तशी निवड करावी लागेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. गटाने दोन पेट्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर पैसा कशासाठी आहे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. एका कामासाठी घेतलेली देणगी दुसरीकडे वळवू नये, दुसरे काम कितीही चांगले असले तरी. संशोधनाचा पैसा अशा निधीकडे पाठवावा जिथे अर्जांची छाननी स्वतंत्र तज्ज्ञ करतात आणि कोणाला किती दिले हे जाहीर केले जाते. लहान गटांची रक्कम एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत समुद्रातल्या थेंबासारखी नाहीशी होते, ही तुमची खंत पत्रात आहे. पण नवख्या संशोधकांना सुरुवातीची लहान अनुदाने देणारे निधीही असतात. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनांच्या पुढाकारातून उभी राहिलेली आणि १९८७ पासून अनुदाने देणारी अमेरिकेतील ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशन ही अशीच एक संस्था. दुसऱ्या पेटीतून तुमच्या भावाने मागितले तेच करता येईल : शुभार्थींना दर आठवड्याला सोबत देणारे स्वयंसेवक तयार करणे. त्याला पैसा थोडा लागतो, नियमितपणा फार लागतो. चार रविवार येऊन पाचव्याला न सांगता गैरहजर राहणारा सोबती, सोबती नसण्यापेक्षाही वाईट.

गेल्या वर्षीच्या त्या गृहस्थांविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते पत्राच्या शेवटी दोन ओळींत आटोपले आहे. मला मात्र तो पत्राचा सर्वांत निकडीचा भाग वाटला. तुम्हाला कोणी शिकवलेच नव्हते, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. मानसिक आजारांविषयी फलक लावून बसले की अशी माणसे येणारच, कारण कित्येकांना हे बोलायला दुसरी जागा नसते. पुन्हा असे कोणी बोलले तर त्याला गर्दीतून जरा बाजूला घ्या, बसवा आणि ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे थेट, शांत आवाजात विचारा. विचारल्याने ती कल्पना मनात पेरली जाते ही समजूत चुकीची आहे. उलट बऱ्याच जणांना विचारल्याने हलके वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, हेही विचारा. उपदेश करू नका, घरच्यांची शपथ घालू नका. त्याला एकट्याने जाऊ देऊ नका. जवळचे माणूस, डॉक्टर किंवा मदतवाहिनी यांच्याशी तिथेच फोन लावून द्या आणि धोका तातडीचा वाटला तर आपत्कालीन सेवा बोलवा. प्रत्येक पाळीत निदान एका स्वयंसेवकाने याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, टेबलावर मदतवाहिनीचे क्रमांक छापलेली कार्डे असावीत आणि ते क्रमांक चालू आहेत याची त्याच सकाळी खात्री केलेली असावी. दिवस संपल्यावर पैसे मोजायला बसण्याआधी स्वयंसेवकांनी, कोणी काय ऐकले ते, अर्धा तास एकमेकांशी बोलावे. सहा वर्षे तुम्ही अशी वाक्ये एकट्याने घरी नेत असाल, तर तुमचा थकवाही मला समजतो. घरी आजार आणि बाहेरही आजाराचेच काम, यात यंदा भाषणाची जबाबदारी दुसऱ्या कोणी घेतली तर बरे, असे तुम्हाला वाटत असेल, तर गटाला तेही मोकळेपणी सांगा. त्यासाठी भावाच्या नकाराची ढाल पुढे करण्याची गरज नाही.

गटाच्या बैठकीत मात्र एक गोष्ट तुम्हालाच मांडावी लागेल : फलकाविषयीचा निर्णय तुमच्या भावाचे उत्तर येईपर्यंत थांबेल, आणि ते उत्तर काहीही आले तरी त्याच्याकडे कारण मागितले जाणार नाही. छापखान्याची मुदत जवळ आली असेल, तर सरळ छायाचित्राविना फलक छापायला द्या.

आणि येत्या रविवारी त्याच्याबरोबर फिरायला जा. त्या दिवशी फलकाचा विषय काढू नका.